नाबरांचा जकातीवरचा प्रबंध

शारजात अल मजाजच्या तळ्याकाठी ज्या इमारतीत नाबर राहायचे, तिथे एक गोष्ट लहानथोरांना ठाऊक होती. दत्तप्रसाद नाबर मुंबईला निघाले की त्यांच्या बॅगेत त्यांचं स्वतःचं असं फारसं काही नसायचं. दोन शर्ट, दाढीचं सामान, आणि बाकी सगळी बॅग इमारतीची. कुणाच्या सासूसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र, कुणाच्या भाच्याचे बूट, कुणाच्या बहिणीला दुधाची पावडर. "जाताय ना? एवढंच एक," म्हणत माणसं दारात उभी राहायची आणि हा गृहस्थ नाही म्हणायला कधी शिकलाच नव्हता. आखातातल्या आपल्या लोकांचा पोस्टावर भरवसा नव्हता आणि कुरिअर म्हणजे कंपन्यांची चैन. कुणीतरी जातंच असतं, त्याच्या हाती द्यायचं, हा तिथला अलिखित कायदा.

मंजुषाला, त्यांच्या बायकोला, या कायद्याचा मनस्वी राग. तिचं म्हणणं, दुसऱ्याचं ओझं वाहणाऱ्याला लोक तोंडावर भला म्हणतात आणि मागून गाढव. तरी बॅग भरायची तीच. नाबरांनी भरली असती तर बुटांच्या खाली खजूर चेपले असते.

नाबर दुबईजवळ जबल अलीच्या फ्री झोनमध्ये, म्हणजे करमुक्त वसाहतीत, एका मालवाहतूक कंपनीत कस्टम्सचे कागद पाहायचे. सकाळी सहाला कंपनीची बस, संध्याकाळी सातला परत. पण हा माणूस मुळात त्यातला नव्हे. मुंबईत परळच्या एका कॉलेजात अकरा वर्षं त्यांनी इतिहास शिकवला होता, तोही कायम न होता. दर जूनमध्ये नवं पत्र आणि दर मार्चमध्ये घरी. वडील लालबागच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. गिरणी बंद पडली, पुढे वडीलही गेले, आणि एकोणनव्वद साली शुभ्रा सहा वर्षांची असताना नाबर आखातात आले ते "दोन वर्षं फक्त" म्हणून. तिथे येणारा प्रत्येक जण दोन वर्षांसाठीच येतो.

येताना एक गोष्ट मात्र त्यांनी मागे सोडली नाही. पीएच.डी.चा प्रबंध. विषय असा की ऐकणारा दोनदा विचारायचा. अमेरिकेच्या प्रजासत्ताकाची पहिली चाळीस-पन्नास वर्षं, परदेशी मालावर बसवलेली जकात, आणि त्यावरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात पेटलेलं भांडण. शेजारचा सतीश एकदा हसून म्हणाला होता, "नाबरसाहेब, आपण शारजात, अमेरिका कुठे! तिथल्या जकातीचं तुम्हाला काय पडलंय?" नाबरांनी त्याला बसवून तासभर समजावलं. त्यानंतर सतीशने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

मंजुषाला मात्र तो विषय पाठ होता, कारण टायपिंग तिचं. लग्नाआधी ती मंत्रालयात टायपिस्ट होती. एका ऑफिसने मोडीत काढलेला इलेक्ट्रिक टाइपरायटर नाबरांनी आणला, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर तो कायमचा बसला, आणि दुपारची कामं आटोपली की मंजुषा त्यांची बारीक अक्षरातली पानं टाइप करायची. करता करता तिला कळत गेलं. इंग्लंडहून येणारं कापड स्वस्त. उत्तरेकडच्या गिरण्या नव्या, त्यांना ते परवडेना. म्हणून सरकारने परदेशी मालावर जकात बसवली, एकदा, दोनदा, अठराशे अठ्ठावीसला तर फारच जबर. गिरण्या वाढल्या, पण दक्षिणेचे कापूसवाले भडकले. आमचा कापूस परदेशात जातो, आणि आम्ही घ्यायच्या वस्तू मात्र तुमच्या गिरण्यांसाठी महाग का? शेवटी साउथ कॅरोलायना नावाच्या एका राज्याने जाहीर करून टाकलं की हा कायदा आमच्या हद्दीत चालणार नाही. सैन्य धाडण्याची भाषा झाली आणि मग तडजोड.

नाबर पूर्णपणे उत्तरेच्या बाजूचे. त्यांना त्या गिरण्यांत लालबाग दिसायचं. "घरचा धंदा आधी उभा राहू द्यावा लागतो, मंजू. बाळाला चालायला शिकवायचं आणि त्याच दिवशी शर्यतीत उतरवायचं, हे नाही चालत." त्यांचे गाईड कारखानीस सर तर त्यांच्याहून कट्टर, पंचाहत्तरीतही खादी घालणारे, स्वदेशी या शब्दावर आवाज चढवणारे.

पण मंजुषा अकोटची. विदर्भातली, कापसाच्या मुलखातली. तिचे वडील जिनिंगमध्ये कारकून होते, आणि आपल्या भागातला कापूस दुसऱ्याच्या नियमाने विकावा लागतो ही कुरकुर ती लहानपणापासून ऐकत आलेली. एकदा पान ओढून काढताना ती म्हणाली, "अहो, तुमच्या या प्रबंधात कापूसवाल्यांचं कुणी ऐकतच नाही."

"त्यांचा कापूस गुलाम वेचत होते, मंजू. त्यांचं काय ऐकायचं?"

"गुलामांचं तरी ऐकलंत का? कापड महाग झालं तेव्हा त्यांच्या अंगावर काय आलं? ते कुठल्याच पानात नाही. तुमच्याकडे गिरणी बोलते आणि सरकार बोलतं. बस्स."

नाबर हसले, चहा प्यायले आणि बसची वेळ झाली म्हणून गेले. मंजुषा बोलून विसरली. माणसं अशीच बोलून विसरतात आणि ऐकणारा विसरत नाही.

शहाण्णवच्या डिसेंबरात प्रबंध पुरा झाला. सहा प्रकरणं. पहिली पाच कारखानीस सरांनी थोडी थोडी करून वाचली होती, खुणा करून परत पाठवली होती. उरलं होतं ते शेवटचं, निष्कर्षाचं. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती आणि तिसऱ्यांदा मिळणार नाही हे पत्राने कळवलं होतं. एकतीस मार्च सत्त्याण्णव. त्या दिवसापर्यंत गाईडच्या सहीचं प्रमाणपत्र लावून प्रबंध दाखल व्हायला हवा, नाही तर चौदा वर्षांची नोंदणी रद्द. म्हणजे पानं सरांकडे लवकर जायला हवी होती. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. वाचायला वेळ लागणार.

"बाबा, जस्ट कुरिअर इट!" शुभ्रा म्हणाली. ती चौदा वर्षांची होती आणि मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची.

"अगं, सतीश चाललाय परवा. घरी जाऊन सरांच्या हातात देईल. कुरिअरवाला काय, जिन्यात टाकून जाईल."

"दॅट्स नॉट हाउ इट वर्क्स, बाबा."

मुलीचं बरोबर होतं. पण इमारतीतल्या कुणीही तेच केलं असतं जे नाबरांनी केलं. पानांचा गठ्ठा खाकी कागदात बांधून सतीशच्या बॅगेत गेला. त्याच बॅगेत मंजुषाने आपल्या आईसाठी एक पिशवी दिली. गुडघ्यांना लावायचं शेकायचं यंत्र, बदाम, दोन मऊ ब्लँकेटं. अकोटला थंडी फार, आणि आई एकटी.

विमानतळावर नाबर दोघं सतीशला सोडायला गेले. काट्यावर बॅग ठेवली आणि तीन किलो जास्त भरली. काउंटरवरचा माणूस मान हलवेना. सतीश घामाघूम, मागे रांग, लोक "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करायला लागलेले. सतीशने बॅग तिथेच जमिनीवर उघडली. वर दोन जड वस्तू. ब्लँकेटांची पिशवी आणि खाकी गठ्ठा.

मंजुषाने हात पुढे केला होता. तिला ते नंतर कायम आठवायचं, की आपण हात पुढे केला होता, पिशवीकडेच केला होता. पण त्याआधीच नाबरांनी वाकून गठ्ठा उचलला. "हे राहू दे सतीश. आईंचं जाऊ दे. थंडीचे दिवस आहेत. याला काय, कुणीतरी जातंच असतं."

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आपल्या आईचं नवऱ्याने आधी पाहिलं, याचं कुठल्या बाईला वाईट वाटेल?

गठ्ठा घरी परत आला, आणि इथेच घोळ झाला. दुसऱ्या आठवड्यात आणखी एकजण जाणारा होता, नाबरांनी त्याला शब्दही टाकला होता. पण आदल्या संध्याकाळी त्यांनी सहज म्हणून गठ्ठा सोडला, शेवटचं प्रकरण काढलं आणि दिव्याखाली वाचत बसले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "मंजू, तू म्हणालीस ते खरं आहे. यात फक्त गिरणी बोलतेय."

तिला आधी कळेचना काय ते. कळल्यावर ती घाबरली. "अहो, मी आपली टाइप करता करता बोलले. मला काय कळतं त्यातलं? पाठवून द्या ते."

"नाही गं. निष्कर्षच लंगडा आहे. पंधरा दिवस दे मला."

पंधरा दिवसांचा जानेवारी झाला, जानेवारीचा फेब्रुवारी. जबल अलीहून थकून आलेला माणूस पानं लिहायचा, खोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी मंजुषा ती टाइप करायची. जुन्या प्रकरणातले परिच्छेद त्यांनी कात्रीने कापून नव्यात चिकटवले. जुनं असं काही उरलंच नाही. नव्यात निष्कर्ष उलटा नव्हता, पण निराळा होता. घरचा धंदा राखायला हवाच, पण त्याची किंमत कुठल्या मुलखाने मोजायची आणि ते ठरवताना कुणाला विचारायचं, हे न पाहता केलेली राष्ट्रभक्ती देश जोडत नाही, फोडते. आणि ज्यांना कुणीच कधी विचारलं नाही त्या गुलामांवर आठ पानं, जी आधी एकही नव्हती. मंजुषाला ती टाइप करताना रडू यायचं आणि नवऱ्याचा अभिमानही वाटायचा. पण कॅलेंडरकडे पाहिलं की ती बोटं आणखी भरभर चालवायची.

सरांचं पत्र आलं, अक्षर वाकडंतिकडं : "जसं आहे तसं पाठव. आपण भांडू त्यावर." नाबर म्हणाले, आठवड्याभरात. मार्च उजाडला, रमझान ईद होऊन महिना गेला, आणि एकवीस तारखेला शेवटचं पान टाइप झालं. रविवारी रफिक म्हणून रत्नागिरीचे एक ओळखीचे निघणार होते. ऐनवेळी त्यांची रजा रद्द झाली. मंगळवारी मुंबईहून फोन आला. कारखानीस सर गेले होते. झोपेतच.

नाबर रडले नाहीत. तातडीची रजा घेतली आणि गुरुवारचं तिकीट काढलं. इमारतीत बातमी पसरली की नाबर चाललेत. लोकांनी आधी हळहळ व्यक्त केली, आणि मग, "असं सांगणं बरं दिसत नाही, पण जाताच आहात तर," म्हणत पिशव्या आणल्या. मंजुषा दारातूनच परत लावणार होती. नाबर म्हणाले, "राहू दे. बॅग रिकामीच आहे."

खाकी गठ्ठा टेबलावर होता. ती म्हणाली, "हा?"

"आता सही कोण करणार गं?"

आणि तो राहिला.

रविवारी सकाळी मुंबईहून फोन वाजला. नाबरांचा आवाज ओळखू येईना. सरांच्या पत्नीने त्यांना एक पाकीट दिलं होतं. आत गाईडचं प्रमाणपत्र, सही केलेलं, तारखेची जागा मोकळी. डोळ्याच्या ऑपरेशनला जायच्या आधी सरांनी ते करून ठेवलं होतं आणि बायकोला सांगितलं होतं, "दत्ता दुरुस्त्या करत बसला असेल. माझं काही झालं तर हे त्याला दे, आणि म्हणावं, आता पुरे."

"उद्या एकतीस आहे, मंजू. कुणी येतंय का बघ ना. कुणीही."

मंजुषा इमारतीतल्या सोळाही घरांत फिरली. ज्यांची ज्यांची यंत्रं आणि बूट नाबरांनी वाहिले होते त्या सगळ्यांनी मनापासून विचार केला, फोन केले. त्या दिवशी कुणीच जात नव्हतं. आठ वर्षांत असा दिवस तिने पाहिला नव्हता. कुरिअरवाला म्हणाला, मंगळवार, इन्शाल्ला.

मग ती टॅक्सी करून विमानतळावर गेली. दुपारचं मुंबईचं विमान होतं. रांगेच्या बाजूला, गठ्ठा छातीशी धरून, ती एकेकाला विचारायला लागली. आयुष्यात तिने अनोळखी माणसाकडे कधी पाण्याचा ग्लास मागितला नव्हता. एकजण म्हणाला, "सिस्टर, टाइम खराब है, अनजान पार्सल कौन लेगा?" पुण्याचे एक गृहस्थ मराठीत म्हणाले, "मॅडम, समजून घ्या. मुंबईत बॉम्बस्फोट होऊन किती वर्षं झाली? आमच्याही मागे बायकापोरं आहेत." त्यांचं चुकत नव्हतं. तिने गाठ सोडून पानं दाखवली. लोक पानांकडे न बघता पुढे सरकत राहिले.

शेवटी ट्रॉलीवर हात ठेवून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने तिला हाक मारली. बुरखा मागे टाकलेला, नाकात चमकी. खैरुन्निसा त्यांचं नाव, मुलाकडून चिपळूणला परत चाललेल्या. "इकडे ये गं. काय आहे त्यात?"

"कागद आहेत, मावशी. माझ्या नवऱ्याचा अभ्यास आहे."

"कसला?"

मंजुषाने सांगितलं. कसं सांगितलं ते तिलाच कळलं नाही. गिरण्या, कापूस, जकात, सगळं दोन मिनिटांत, घाईघाईने, रांग पुढे जात असताना.

"म्हणजे एका घरातले भाऊ जकातीवरून भांडले."

"हो, मावशी."

"मग मिटलं का?"

"तेव्हा मिटलं. तीस वर्षांनी मोठं युद्ध झालं. ते गुलामांवरून."

खैरुन्निसांनी पानं चाळली, एक उलटं धरून पाहिलं, आणि गठ्ठा पुन्हा बांधायला सांगितला. "बॅगेत नको टाकायला. काट्यावर चढला तर काढायला लावतील. मी मांडीवर घेऊन बसते. नवऱ्याला सांग, दारात उभा राहा."

मंजुषाने त्यांचे पाय धरले. घरी येऊन मुंबईला फोन लावला, खैरुन्निसांचं वर्णन तीनदा सांगितलं. रात्री निरोप आला, मिळालं.

सोमवारी तिने देवापुढे दिवा लावला तो विझू दिला नाही. दहा वाजले, म्हणजे तिकडे साडेअकरा. बारा वाजले. विद्यापीठाची खिडकी तिकडच्या तीनला, म्हणजे इकडे दीडला बंद होते हे तिला ठाऊक होतं. पावणेदोनला फोन वाजला.

"दिलंत?"

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. "नाही."

"म्हणजे? रांग होती का? अहो, बोला ना."

"रांग नव्हती. मी साडेदहापासून तिथेच बसलो होतो. बाकावर. प्रमाणपत्रावर छापलेलं आहे, मंजू, की हा संपूर्ण प्रबंध मी तपासला आहे. त्याखाली सरांची सही आहे. शेवटचं प्रकरण त्यांनी बघितलंसुद्धा नाही."

तिचा तोल गेला. नाबरांना काही विमानतळावर लोकांच्या हातापाया पडावं लागलं नव्हतं. "त्यांनी स्वतः करून ठेवली ना सही? पुरे म्हणाले ना? जगातल्या निम्म्या गाईडांनी निम्मे प्रबंध वाचलेले नसतात!"

"नसतील. पण हे प्रकरण त्यांच्या विरुद्ध जातं. जन्मभर ते ज्यासाठी भांडले, त्याच्या विरुद्ध. आणि ते गेल्यावर मी त्यांच्याच सहीने ते खरं म्हणून दाखल करू?"

"त्यांना पटलं असतं."

"नसतं पटलं. कडाडून भांडले असते. आणि मग सही केली असती. ते भांडण व्हायला हवं होतं गं. त्यासाठी तर मी लिहीत होतो."

तिला खूप काही बोलायचं होतं. तुम्ही वेडे आहात, तुम्ही सगळ्यांचं राखलंत आणि स्वतःचं तेवढं मातीत घातलंत. पण पलीकडे एक पंचेचाळिशीचा माणूस फोनच्या बूथमध्ये उभा राहून रडायला लागला होता, आणि तो रडताना तिने ऐकला तो पहिल्यांदाच. सर गेले तेव्हाचं सगळं रडू आज बाहेर पडत होतं. ती फक्त "हो, हो," म्हणत राहिली. मग बूथवाल्याने काही म्हटलं आणि लाइन तुटली.

ती टेबलाशी बसली. समोर टाइपरायटर. आपण एक वाक्य बोललो नसतो, आपल्या आईला एक थंडी कशीही काढता आली असती, आपण हात जरा लवकर पुढे केला असता. नवऱ्याला दोष द्यायला तिने मन घट्ट केलं, पण तो दोष त्याच्यापर्यंत जाईना. वाटेत तिच्यापाशीच थांबत होता.

तीनला शाळेची बस आली. शुभ्रा दप्तर टाकत आत शिरली. "डिड बाबा सबमिट? इज ही डॉक्टर नाबर नाउ?"

"नाही गं."

शुभ्राचा चेहरा उतरला. मग तिच्या कपाळाला आठी पडली, ती कशाची हे मंजुषाला तिने तोंड उघडण्याआधीच कळलं. "आय टोल्ड हिम. आय टोल्ड हिम इन डिसेंबर. व्हाय डज ही ऑलवेज—"

"बाबांची काही चूक नाही त्यात," मंजुषा म्हणाली. "पानं माझ्याकडे टाइप करायची पडून होती. मीच उशीर केला. बाबा आले की त्यांना एक अक्षर विचारायचं नाहीस."

शुभ्रा आईकडे बघत राहिली. त्या नजरेत पुढे कितीतरी वर्षं मंजुषाबद्दल एक बारीकसा राग राहिला, आणि मंजुषाने तो कधी दूर केला नाही.